झाडावरची अक्षरे आणि शरणपूरचा जेकब

मूठभर अक्षरे पुढ्यात ठेवून त्यांत दडलेले इंग्रजी शब्द शोधून काढावयाचे, हा खेळ आपल्याकडे इंग्रजी शाळांतून आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून चांगलाच रुळला आहे. विरंगुळा यापलीकडे त्याला कोणी फारसे महत्त्व देत नाही. परंतु इतिहासात अशी काही अक्षरे आहेत की, त्यांतील शब्द शोधू लागले असता वाट आफ्रिकेच्या अरण्यातून थेट नाशिकच्या शरणपुरात येऊन पोहोचते. आजच्या झांबिया देशातील चितांबो या ठिकाणी एका वृक्षाच्या बुंध्यावर ती १८७३ साली कोरली गेली. कोरणारा तरुण शरणपूरच्या शाळेचा विद्यार्थी होता.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर वसविले. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे त्याचे संस्थापक. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे गुलाम म्हणून गलबतांत कोंबून नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते समुद्रात अडवी आणि सोडविलेली मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील कित्येक मुले शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. तेथे त्यांना लिहावाचावयास शिकवीत, तसेच सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसबही देत. युरोपीय प्रवाशांच्या लेखनात ही मुले ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. स्वतः डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबई व नाशिक येथे येऊन गेले आणि पुढील वर्षी आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरताना त्यांच्या तांड्यात नऊ नाशिकची मुले होती. १८७२ साली त्यांच्या मदतीस जी आणखी माणसे धाडण्यात आली, त्यांत जेकब वेनराइट होता.

जेकब वेनराइट हे नाव मिशनने दिलेले. ‘वेन’ म्हणजे गाडा आणि ‘राइट’ म्हणजे घडविणारा. गाडे घडविणाऱ्या इंग्रज सुताराचे हे आडनाव एका मुक्त झालेल्या आफ्रिकन मुलाच्या वाट्यास आले. या आडनावात इंग्रजी शब्द दोन सापडतात. त्याच्या मातृभाषेचे एक अक्षरही सापडत नाही.

मे १८७३ च्या प्रारंभी चितांबो येथे लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत सेवकांना त्यांचा देह आढळला. सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी तो मायदेशी पोहोचविण्याचा निश्चय केला. त्यांच्या पेट्यांतील वस्तूंची यादी सर्वांसमक्ष करण्याचे काम जेकबकडे आले. हृदय व आतडी एका पत्र्याच्या डब्यात ठेवून म्वुला वृक्षाखाली पुरण्यात आली, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबनेच वाचली आणि बुंध्यावर अक्षरेही त्यानेच कोरली. वणव्यात ते झाड जळू नये म्हणून भोवतालचे गवत साफ ठेवावे, अशी विनंती तेथील प्रमुखास करून तांडा निघाला.

आता ती अक्षरे वाचू. प्रथम लिव्हिंग्स्टन हे आडनाव, अकरा अक्षरांचे. ते मधून तोडले की ‘लिव्हिंग’ आणि ‘स्टोन’ असे दोन शब्द हाती येतात: जिवंत आणि दगड. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना जिवंत दगडांची उपमा दिलेली आहे, तिचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. गंमत अशी की, लिव्हिंग्स्टन स्वतः तरुणपणी हे आडनाव अखेरच्या ‘ई’वाचून लिहीत असत. ते एक अक्षर पुढे परत आले नसते तर या नावातील दगड अपुराच राहिला असता.

आडनावाखाली ४ मे १८७३ ही तारीख आहे आणि त्याखाली ‘याझुझा’, ‘म्नियासेरे’ व ‘व्चोपेरे’ अशी वाचली जाणारी तीन नावे. येथे आपला खेळ अडतो. अक्षरे इंग्रजी आहेत. परंतु हे शब्द कोणत्याही इंग्रजी कोशात मिळावयाचे नाहीत. लिव्हिंग्स्टन यांची अखेरची रोजनिशी होरेस वॉलर यांनी १८७४ साली प्रसिद्ध केली. तीत तांड्यातील मनुआ सेरा व चौपेरे या पुढाऱ्यांची नावे येतात. ती बुंध्यावरील दुसऱ्या व तिसऱ्या नावाशेजारी ठेवून मोठ्याने उच्चारावीत, शेवटच्या नावातील ‘व्ही’च्या जागी ‘यू’ वाचावा, म्हणजे ओळख पटते. एकच माणूस दोघांनी आपापल्या कानाने लिहिला आहे. जेकबला अक्षरे मिळाली ती इंग्रजी शब्दांसाठी. त्याच अक्षरांत त्याने आपल्या सोबत्यांची नावे बसविली आणि ती एका जगप्रसिद्ध नावाच्या खाली, त्याच बुंध्यावर कोरली.

पुढे सुमारे नऊ महिने तो देह खांद्यावरून समुद्राकडे नेण्यात आला. एक हजार मैलांहून अधिक वाट होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो येथे होली घोस्ट संघाच्या फ्रेंच कॅथोलिक फादरांनी आपल्या मिशनमध्ये त्याला आसरा दिला. सोसायटीच्या खर्चाने जेकब देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीस हात लावणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकन होता. तेथील शिळेवर मृत्यूची तारीख १ मे अशी आहे. निष्ठावान हातांनी हा देह भूमी व समुद्र ओलांडून आणला, असेही तीवर नमूद आहे. मात्र त्या हातांची नावे शिळेवर नाहीत. ती होती चितांबोच्या झाडावर.

पुढे तो वृक्ष जीर्ण झाल्यामुळे १८९९ साली अक्षरांचा भाग कापून काढण्यात आला आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे गेला. जेकबने इंग्रजीत रोजनिशीही लिहिली होती. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले. मूळ हस्तलिखित मात्र २०१९ साली संगणकीय रूपात सर्वांना खुले झाले. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूविषयी आफ्रिकन साक्षीदाराच्या हातचा लेख म्हणून अभ्यासक तिला आज मोठे मोल देतात. हे मोल पाहावयास जेकब नव्हता. १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे तो निवर्तला होता.

शरणपूरचा आफ्रिकन आश्रमही फार काळ टिकला नाही. प्राइस १८७४ मध्ये मोंबासाकडे गेले, तेथे फ्रेअरटाउन वसले आणि नाशिकची कित्येक आफ्रिकन मुले-माणसे तिकडे गेली. नाशिकमध्ये शरणपूर रोड हे नाव तेवढे रोजच्या बोलण्यात उरले आहे. शरण आलेल्यांचे गाव, हा त्यातील अर्थ उलगडावयास कोशाची गरज नाही. झाडावरील अक्षरांत मात्र एक नाव कितीही शोधले तरी सापडत नाही. मालकाचे नाव आहे, सोबत्यांची आहेत; कोरणाऱ्याने स्वतःचे कोरलेले नाही.