घरात कुणाला फुफ्फुसाचा कर्करोग झाला असेल, तर धूम्रपानाचा धोका किती वाढतो?

"आजोबा नव्वदीपर्यंत बिड्या ओढायचे, त्यांना काही झालं नाही." "बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, म्हणजे मलाही होणारच. मग सिगारेट सोडून काय उपयोग?" ही दोन वाक्ये आपण नेहमी ऐकतो. दोन्हींत आनुवंशिकतेचा आधार घेतलेला असतो आणि दोन्हींचा निष्कर्ष चुकीचा आहे.

धूम्रपानाचा वाटा

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांतील किमान ७० कर्करोगकारक आहेत. ती फुफ्फुसातील पेशींच्या डीएनएला वर्षानुवर्षे इजा करत राहतात. सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्याच्या तुलनेत साधारण १५ ते ३० पट असतो. बिडी पानात गुंडाळलेली असली, तरी तिच्या धुरानेही हा कर्करोग होतो.

घराण्याचा वाटा

आई-वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा मुले यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर आपला धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो. नातेवाइकाला तो कमी वयात झाला असेल किंवा एकापेक्षा अधिक जणांना झाला असेल, तर आणखी वाढतो.

याचे कारण फक्त जनुके नाहीत. एका घरातली माणसे एकाच हवेत श्वास घेतात: घरातल्या माणसाच्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर. घरात मोठी माणसे ओढत असतील, तर मुलांनाही सवय लागण्याची शक्यता वाढते. २००८ मध्ये संशोधकांना १५व्या गुणसूत्रावर या कर्करोगाशी संबंधित एक भाग सापडला. तिथली जनुके निकोटिनला शरीर कसा प्रतिसाद देते, याच्याशीही निगडित आहेत. म्हणजे काहींना व्यसन अधिक घट्ट धरते, त्यातही आनुवंशिकतेचा हात असू शकतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. रुग्णाच्या गाठीच्या तपासणीत 'ईजीएफआर' जनुकात बदल आढळला, की घरचे घाबरतात. हा बदल बहुतेक वेळा फक्त गाठीतल्या पेशींत झालेला असतो. तो मुलांकडे जात नाही.

दोन्ही एकत्र आले तर?

कधीच धूम्रपान न करणाऱ्याचा मूळ धोका लहान असतो. त्याची दीडपट केली तरी तो लहानच राहतो. ओढणाऱ्याचा धोका आधीच मोठा असतो, त्याची दीडपट खूप जड जाते. म्हणून घरात हा आजार असेल, तर सिगारेट सोडण्याचे कारण अधिक पक्के होते.

आणि आजोबा? प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याला हा कर्करोग होत नाही, हे खरे. पण हृदयविकार, पक्षाघात, दम लागण्याचा आजार हेही तंबाखूमुळेच होतात.

सोडल्याने किती फरक पडतो?

२००० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासाचे आकडे बोलके आहेत. ओढत राहणाऱ्या १०० पुरुषांपैकी सुमारे १६ जणांना वयाच्या ७५ वर्षांपर्यंत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका होता. ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांत हा आकडा १०, पन्नाशीत ६, चाळिशीत ३ आणि तिशीत सोडणाऱ्यांत २ होता.

तपासणी कुणी करावी?

अमेरिकेत ५० ते ८० वयोगटातील, दीर्घकाळ बरीच सिगारेट ओढलेल्या लोकांना दरवर्षी कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन सुचवला जातो. दिवसाला एक पाकीट याप्रमाणे २० वर्षे, हे त्याचे माप. सोडून १५ वर्षे झालेली नसतील, तरच हे लागू होते. तैवानने २०२२ पासून घराण्यात हा कर्करोग असलेल्यांनाही अशा तपासणीत घेतले आहे. तुमच्या घरात हा आजार असेल, तर कुणाला आणि कोणत्या वयात झाला, हे डॉक्टरांना सांगा.

तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीतून रक्त, आवाज बसणे, कारण नसताना वजन घटणे याकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे ही लक्षणे अनेकदा टीबीची समजली जातात आणि निदानाला उशीर होतो. टीबीच्या औषधांनी फरक पडत नसेल, तर पुढच्या तपासण्यांबद्दल विचारा.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. जनुके बदलता येत नाहीत, पाकीट मात्र आजही बाजूला ठेवता येते.