आरे-वारे
रत्नागिरी तालुक्याच्या हद्दीतील, रत्नागिरी-गणपतीपुळे सागरी मार्गावरील जुळे समुद्रकिनारे. निवळीमार्गे पडणारा लांबचा वळसा खाडीपुलाने वाचविला, आणि जे स्थळ पूर्वी सुरूचे बन व घाटमाथ्यावरून दिसणारी विस्तीर्ण पुळण एवढ्याच ऐश्वर्यावर संतुष्ट होते, तेथे पर्यटकांच्या वर्दळीबरोबर खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आल्या व अलीकडे तारेला लटकून वेगाने घसरत जाण्याचा ‘झिपलाइन’ हा साहसी प्रकारही आला. मुंबईतील गोराईच्या एस्सेलवर्ल्ड या मनोरंजन उद्यानासारखी (सुरुवात १९८९) कुंपण, तिकीटखिडकी व अजस्र यंत्रे यांनी बंदिस्त केलेली करमणूक ही नव्हे; येथील मुख्य आकर्षण अद्याप सागरदर्शनच आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच श्रेयस्कर. मात्र पाण्याची ओढ तीव्र असल्याने, विशेषतः पावसाळ्यात, येथे समुद्रस्नान धोक्याचे असून बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत.