दोराचें दुसरें टोंक

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या वर्गांतील एक विद्यार्थिनी एके दिवशीं दुपारीं माझ्या खोलींत आली आणि एक छापील अर्ज पुढें ठेवून उभी राहिली. दिवाळीच्या सुटींत सह्याद्रींत भरणाऱ्या प्रस्तरारोहणाच्या शिबिराचा, म्हणजे दोर लावून उभे कातळ चढावयास शिकविणाऱ्या वर्गाचा, तो अर्ज होता. मुलगी कंधार तालुक्यांतील, वडील शाळामास्तर. पालकाच्या सहीची जागा कोरी होती. "वडील नको म्हणाले का?" असें मीं विचारलें. ती म्हणाली, "नको नाहीं म्हणाले, सर. सोबत कोण आहे, एवढेंच विचारलें." दुसरी एखादी मुलगी मिळाली तर सही होणार होती. ती मुलगी मीं शोधून द्यावी, अशी तिची अपेक्षा. मीं दोन वर्गांत विचारून पाहिलें, कोणी हात वर केला नाहीं, आणि तेवढ्यावर मीं तो विषय सोडून दिला. शिबिराची तारीख निघून गेली. अर्ज माझ्या टेबलाच्या खणांत राहिला.

अर्ज राहिला तसा तो प्रश्नही राहिला. इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला कोणताही प्रश्न दिसला कीं त्याच्या मागें जावेंसें वाटतें. ही संवय चांगली कीं वाईट, तें मी सांगत नाहीं. 'सोबत कोण?' हा प्रश्न आपल्याकडे मुलगी उंबऱ्याबाहेर पडतांना हजार वेळां विचारला जातो, आणि तो ऐकून शिकलेल्या मुली कपाळाला आंठ्या घालतात. परंतु गंमत अशी कीं कातळावर तो प्रश्न अगदीं योग्य आहे. तेथें एकट्यानें जावयाचें नसतें. दोघांनीं एका दोराच्या दोन टोंकांना स्वतःस बांधून घ्यावयाचें. एकानें पुढें चढावयाचें, वाटेंतील भेगांत धातूचीं साधनें अडकवून त्यांतून दोर ओंवीत जावयाचें, आणि दुसऱ्यानें खालीं उभें राहून तो दोर बेताबेतानें सोडावयाचा. पुढच्याचा पाय निसटला तर खालचा दोर आवळून धरतो. पुढचा माथ्यावर पोंचला म्हणजे तो बसून दोर वर घेतो आणि मागचा चढूं लागतो. अर्थात् दुसऱ्या टोंकाला कोण आहे ह्यावर पहिल्याचा जीव अवलंबून असतो. ह्यांत शरीराचेंही गणित आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीनें नव्वद किलोच्या पुरुषाचा दोर धरला आणि तो पडला, तर ती स्वतःच जमिनीवरून उचलली जाते. सहा फूट उंचीच्या माणसाच्या हाताला सहज लागणारी खांच पांच फुटांच्या मुलीच्या हाताला लागतच नाहीं. मग 'तेथें हात घाल' हा त्याचा उपदेश तिला काय उपयोगाचा? तिच्यासारख्याच बांध्याची दुसरी बाई जवळ असेल तर ती निराळी वाट दाखविते. मास्तरांच्या मनांत ह्यांतलें कांहीं नसेल. तरी प्रश्न त्यांनीं नेमका विचारला होता.

आमच्या भागांतील बायका डोंगर चढतच नाहींत, असें मात्र कोणी म्हणूं नये. माहूरच्या रेणुकेच्या पायऱ्या त्या पिढ्यान्‌पिढ्या चढत आल्या आहेत, आणि पुढें दत्तशिखर व अनसूयेचें शिखरही करून येतात. जावा, नणंदा, शेजारणी, कडेवर पोर, हातांत ओटीचें साहित्य. सोबतीची वाण तेथें कधींच पडत नाहीं. ह्याच माहूरची एक देशमुखीण इतिहासांत 'रायबागन' ह्या नांवानें गाजली. मोंगलांच्या बाजूनें ती कारतलबखानाच्या फौजेबरोबर १६६१ सालीं सह्याद्रीचा घाट उतरली, आणि उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं ती फौज कोंडली तेव्हां, आतां शरण जाण्यावांचून गति नाहीं, हा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेंच दिला. परमानंदाच्या 'शिवभारता'ंत हा प्रसंग आला आहे. नांदेडकडील बाईचा सह्याद्रीच्या कड्यांशीं आलेला हा संबंध लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पण ती तेथें सरदार म्हणून गेली होती आणि तिच्या भोंवतीं सारे पुरुषच होते.

मग हिरकणी येते. रायगडाचे दरवाजे संध्याकाळीं बंद झाले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती गवळण रात्रीं कडा उतरून गेली, अशी आख्यायिका. त्या जागीं हिरकणी बुरूज आहे. आख्यायिकेला इतिहास मानूं नये हें मी मुलांना दरवर्षीं बजावतों. तथापि लोक कोणती आख्यायिका जपतात, हाही इतिहासच आहे. मराठी मनानें कड्यावरची जी एकच बाई शाळेच्या पुस्तकापर्यंत आणून पोंचविली ती एकटी आहे, ती उतरते आहे, आणि लेंकरासाठीं उतरते आहे. कडा चढण्यांत तिला आनंद वाटला असता तर तिच्या नांवाचा बुरूज उभा राहिला असता कीं नाहीं, ह्याची मला शंका आहे. शिवाय तिच्या हातांत दोर नव्हता, आणि दोर धरणारें कोणी नव्हतें.

ह्या बाबतींत युरोपांतील लोक आपल्याहून फार उदार होते असा समज असेल तर तो काढून टाकावा. ल्यूसी वॉकर ही इंग्रज बाई १८७१ सालीं मॅटरहॉर्नच्या माथ्यावर गेली. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. बरोबर वडील होते आणि आंडेरेग नांवाचा नामांकित वाटाड्या होता. आल्प्स पर्वतांतील त्या काळच्या बहुतेक स्त्रिया अशाच बाप, भाऊ किंवा नवरा, आणि शिवाय एक पगारी वाटाड्या, अशा लव्याजम्यासह चढत. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ सालीं निघाला; स्त्रियांना सभासद करून घ्यावयास त्याला १९७४ साल उजाडलें. त्यामुळें १९०७ सालीं स्त्रियांनीं आपला निराळा लेडीज आल्पाइन क्लब काढला. त्याच्या पहिल्या अध्यक्षा एलिझाबेथ ल ब्लाँ ह्या खानदानी बाईनें लिहून ठेवलें आहे कीं, डोंगरांत जाईपर्यंत आपले बूट तिनें स्वतःच्या हातानें कधीं चढविले नव्हते. तें काम मोलकरणीचें! ह्याच बाईनें १९०० सालीं लेडी एव्हलिन मॅक्डॉनेल ह्या मैत्रिणीबरोबर, वाटाड्या न घेतां, हिंवाळ्यांत पिझ पालू हें शिखर ओलांडलें. पायघोळ झग्यांचा तो जमाना. आमच्या बायकांचें कासोट्याचें नऊवारी लुगडें त्यापेक्षां चढणीला शतपट सोयीचें, हें जातां जातां सांगून ठेवतों.

पुढें १९२१ सालीं वेल्समध्यें पिनॅकल क्लब निघाला, तो केवळ कातळ चढणाऱ्या स्त्रियांचा. एमिली केली ही त्याची मूळ पुरस्कर्ती. ती पुढच्याच वर्षीं कातळावरील अपघातांत गेली, पण क्लब टिकला. पुरुषांबरोबर गेलें म्हणजे दोराच्या पुढच्या टोंकाला जावयास आपल्याला कधीं मिळत नाहीं, आणि मिळालें नाहीं तर तें काम आपल्याला कधीं येणारही नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. हाच विचार बोस्टनच्या मीरियम ओब्रायननें अधिक धीटपणें शेवटास नेला. तिचें म्हणणें असें कीं, वाट शोधण्यांत, निर्णय घेण्यांत, चुकण्यांत खरी मजा आहे आणि ती पुढे चढणाऱ्यालाच मिळते. दोरावर एकही कसलेला पुरुष असला तर अडचणीच्या वेळीं तो पुढें येणारच. त्याचा स्वभाव कितीही चांगला असो. तेव्हां दोरावर पुरुषच नको. १९२९ सालच्या ऑगस्टमध्यें ती आणि फ्रान्सची अ‍ॅलिस दामेम ह्या दोघी शामोनीच्या वरचा ग्रेपाँ नांवाचा सुळका चढून आल्या. नंगा पर्वतावर १८९५ सालीं प्राणास मुकलेला ममरी, त्यानें हा सुळका १८८१ सालीं प्रथम जिंकला होता, आणि त्याच्या नांवाची भेग आजही भल्याभल्यांचा घाम काढते. एत्येन ब्रुल ह्या फ्रेंच गिर्यारोहकानें त्या संध्याकाळीं खेद व्यक्त केला कीं, आतां ग्रेपाँ नाहींसा झाला. दोन बायकांनीं आपल्या आपण चढलेला सुळका कोणता स्वाभिमानी पुरुष चढेल? सुळका अर्थातच जागच्या जागीं होता. १९३२ सालीं ह्याच दोघी मॅटरहॉर्नही चढून आल्या. ल्यूसी वॉकरला होऊन तेव्हां एकसष्ट वर्षें झालीं होतीं. पर्वत तोच, पण दोराच्या दोन्ही टोंकांना बायका. मला ह्या दोन चढायांतील दुसरी मोठी वाटते.

आशियांत हें काम जपानच्या जुंको ताबेई ह्या बाईनें केलें. पुरुष मंडळी बरोबर घेईनात, घेतलें तर ही नवरा शोधावयास आली आहे असें म्हणत. तेव्हां तिनें १९६९ सालीं स्त्रियांचें गिर्यारोहण मंडळ काढलें. पैशासाठीं शिकवण्या केल्या. घरीं तीन वर्षांची मुलगी असतांना ती १९७५ सालीं एव्हरेस्टवर गेली. आधीं हिमप्रपातांत सांपडून बेशुद्ध झाली होती, तरी परतली नाहीं. माथा गांठणारी ती पहिली स्त्री. मुलीला टाकून डोंगरावर काय जातेस, असें तिला लोकांनीं ऐकविलें. हिरकणीला बुरूज आणि हिला बोल!

आपल्या देशांत ह्या कामीं बंगालनें पुढाकार घेतला. १९६४ सालीं जॉइस डन्शीथ ह्या इंग्रज बाईच्या नेतृत्वाखालीं भारतीय स्त्रियांची तुकडी मृगथूनीवर गेली होती. पण नेतृत्वासकट सर्व आपलें, अशी मोहीम कलकत्त्याच्या पथिकृत महिलांनीं १९६७ सालीं रोंटी शिखरावर काढली. तीन वर्षांनीं सुजया गुहा ह्यांची तुकडी लाहुलांतील एका अनाम शिखरावर चढली आणि त्याला तिनें 'ललना' असें नांव दिलें. परततांना एका पहाडी ओढ्याच्या लोंढ्यांत सुजया गुहा आणि कमला साहा दोघी गेल्या. त्या तुकडींतील सुदीप्ता सेनगुप्ता ही भूगर्भशास्त्रज्ञ पुढें १९८३ सालच्या मोहिमेंतून अंटार्क्टिकावर गेली. तिच्या जोडीला होती नागपूरची अदिती पंत. भारताच्या मोहिमेंतून तेथें जाणाऱ्या ह्या पहिल्या दोन स्त्रिया. तेथेंही दोघी होत्या, हें मला पुनःपुन्हा आठवतें.

महाराष्ट्रांतील मुलींनीं अलीकडे पुष्कळ नांव मिळविलें. साताऱ्याकडील प्रियांका मोहिते २०२१ सालीं अन्नपूर्णेवर गेली, आणि छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, मनीषा वाघमारे ह्यांनीं २०१८ सालीं एव्हरेस्टचा माथा गांठला. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना त्याचा अभिमान कां न वाटावा? परंतु वर्तमानपत्रांतील चित्रांत झेंडा घेतलेली एकटीच मुलगी दिसते. दोर सांभाळणारी दिसत नाहीं. आमच्याकडे हिची वाण अधिक आहे, आणि त्याला भूगोलाचीही थोडी साथ आहे. औसा, उदगीर, कंधार, सारे भुईकोट. लातूरकडील काळ्या दगडाचे थर टेबलासारखे सपाट. सह्याद्रीचे सुळके येथून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, तो काळा दगड संपतो आणि कोट्यवधि वर्षांचा जुना, खरबरीत ग्रॅनाइट वर येतो. असल्याच दगडावर चढण्यासाठीं लोक दूरदूरहून हंपीस जातात. आमचीं पोरें त्या धोंड्यांवर बकऱ्या राखतांना अनवाणी चढतात आणि तें कौशल्य आहे हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. त्यांत मुलीही असतात; दहाबारा वर्षांच्या होईपर्यंत.

गेल्या आषाढांत त्या मुलीचें पत्र आलें. ती आतां पुण्यास नोकरीला आहे. तेथें तिला उदगीरकडील एक परिचारिका भेटली. तीही चढाईसाठीं जोडीदारीण शोधीत होती. सुटीच्या दिवशीं दोघी कातळावर जातात, एकदां ही पुढें, एकदां ती. मास्तर एकदां मुद्दाम पाहावयास गेले होते. खालीं उभे राहून दोन तास कांहीं बोलले नाहींत, आणि निघतांना त्या परिचारिकेला तिची ड्यूटी कोणत्या वारीं असते तें विचारून घेतलें. पत्राच्या शेवटीं मुलीनें लिहिलें आहे कीं, आपल्या कॉलेजांतील एखाद्या मुलीला यावयाचें असेल तर तिला कळवावें. दोघींपैकीं एक तिच्या बरोबर शिबिराला जाईल. आपला जुना अर्ज अजून जपून ठेवला आहे का, असेंही तिनें विचारलें आहे. तो खणांतच आहे. ह्या आठवड्यांत मीं सगळ्या वर्गांत विचारलें. दोघींनीं नांवें दिलीं; एक मुखेडची, एक लातूरची. त्यांची एकमेकींशीं अद्यापि ओळख नाहीं.