चौधरी, विजय

महाराष्ट्र केसरी किताब (→ महाराष्ट्र केसरी) सलग 3 वेळा जिंकणारे खानदेशातील हौशी मल्ल. मूळ गाव सायगाव (ता. चाळीसगाव, जि. जळगाव), पुढील तयारी पुण्यात.

त्यांनी 2014, 2015 व 2016 मध्ये हा किताब मिळवला. सलग 3 किताबांची कामगिरी त्यांच्यापूर्वी नरसिंग यादव (2011–13) यांनी केली होती. या स्पर्धेत माती व गादी विभागांचे विजेते अंतिम लढतीत भेटतात. म्हणून लागोपाठचे यश एखाद्या डावाच्या बळावर मिळत नाही, त्याला दम, वजन आणि दोन्ही पृष्ठभागांची जाण लागते. तालीम पुण्यातली, तर श्रेय खानदेशाला कसे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोल्हापूर–पुण्याच्या आखाड्यांत (→ तालीम) घडलेले अनेक मल्ल बाहेरगावचेच. आखाडा मल्लाला घडवतो, पण कुस्तीची आवड आणि पहिली माती गावाची असते. किताब राज्यापुरता आहे, हा दुसरा आक्षेपही अपुरा ठरतो : राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाल्यावर चौधरी यांनी 2023 मध्ये कॅनडातील विनिपेग येथील जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत 125 किलो गटात सुवर्णपदक जिंकले.