यादी कोणाच्या घरी?

आता एका छोट्या स्थलांतराकडे वळू. १९९९ साली नेटस्केपने आरएसएस आणलं आणि संकेतस्थळावर नवं काही आलं की त्याची खबर ठरावीक साच्यात मिळू लागली. ही खबर, म्हणजे फीड, गोळा करणारा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर असे. मॅकवर नेटन्यूजवायर, विंडोजवर फीडडेमन. पण घरी काय वाचलं ते कचेरीतल्या संगणकाला कळत नसे. म्हणून २००५ मध्ये गूगल रीडर आल्यावर आम्ही बऱ्याच जणांनी बिऱ्हाड तिकडे हलवलं. काम सोपं होतं. जुन्या प्रोग्रॅममधून ओपीएमएल फाइल काढायची, नव्यात चढवायची. तिच्यात फीडचे पत्ते असत. काय वाचलं, काय राहिलं, हे मात्र मागेच राही.

सोय झाली, पण यादी आता दुसऱ्याच्या घरी! १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला. तरी वाचक उघड्यावर पडले नाहीत. तीच ओपीएमएल फाइल घेऊन ते दुसऱ्या सेवांकडे गेले.

आम्हाला यातून एवढंच दिसतं: भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, निघताना आपलं सामान नेता येईल का, हे मात्र आधी विचारून घ्यावं.