ब्रूम : ओहोटीच्या वेळी दिसणारे गाव

१/ ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर, पर्थपासून रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर ब्रूम हे छोटे गाव आहे. पर्यटक येथे तीन-चार दिवसांसाठी येतात, सूर्यास्त पाहतात, मोती खरेदी करतात आणि परततात. त्यांना दाखवली जाणारी हीच स्थळे इतिहासाचे साधन म्हणून वाचली, तर काय हाती लागते? आजचा धागा त्याविषयी.

२/ सुरुवात केबल बीचपासून. शुभ्र वाळू आणि संध्याकाळी उंटांची रांग, हे ब्रूमचे सर्वपरिचित छायाचित्र. या किनाऱ्याचे नाव मात्र तारायंत्राच्या केबलवरून पडले आहे. १८८९ साली जावा बेटावरील बान्युवांगीहून समुद्राच्या तळातून येणारी तार येथे किनाऱ्याला लागली. नकाशाच्या टोकावरचे हे गाव अशा रीतीने जगाशी जोडले गेले.

३/ पण गावाचे पोट तारेवर नव्हे, शिंपल्यांवर भरत होते. १८८३ साली वसलेल्या ब्रूमची संपत्ती म्हणजे मोत्यांपेक्षाही मोत्याच्या शिंपल्याचे चकाकते कवच. त्यापासून शर्टाची बटणे आणि सुऱ्यांच्या मुठी बनत. १९१० च्या सुमारास येथून जवळपास ४०० शिडाच्या नौका शिंपल्यांच्या शोधात निघत.

४/ पाण्यात उतरत कोण होते? आरंभीच्या काळात आदिवासी स्त्री-पुरुष, कोणत्याही साधनाविना, केवळ श्वास रोखून. अनेकांना बळजबरीने पकडून नौकांवर चढवले जाई. स्त्रियांचे शोषण इतके उघड होते, की १८७१ साली त्यांना पाणबुड्यांच्या कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी करावी लागली. एवढ्या दूरच्या किनाऱ्यावर कायद्याचा हात मात्र तोकडाच होता.

५/ पुढे पितळी शिरस्त्राण आणि जड पोशाख आले, आणि त्यांबरोबर जपानी पाणबुडे. त्यांतील बरेच जण वाकायामा प्रांतातील ताइजी व आसपासच्या गावांचे. खोल पाण्यातून भरभर वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होत. त्यातून पक्षाघात येई, अनेकदा मृत्यूही. शिवाय चक्रीवादळे होतीच : १८८७, १९०८, १९३५.

६/ ब्रूमच्या जपानी दफनभूमीत ७०७ थडगी असून ९१९ माणसे चिरनिद्रा घेत आहेत. कित्येक थडगी याच किनाऱ्यावरच्या ओबडधोबड दगडाची, त्यांवर जपानी लिपीत कोरलेली नावे. लक्षात घ्या, १९०१ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना दार बंद केले होते. मोत्यांच्या धंद्याला मात्र सवलत मिळाली. १९१२ साली ब्रिटनमधून गोरे पाणबुडे आणण्याचा प्रयोग झाला, तो फसला. माणसे नको होती. त्यांचे श्रम हवे होते.

७/ संध्याकाळी पर्यटक ‘सन पिक्चर्स’ या १९१६ साली सुरू झालेल्या खुल्या चित्रपटगृहात बसतात. एके काळी उधाणाचे पाणी थेट प्रेक्षकांच्या पायांपर्यंत येई, हा किस्सा सर्वांना सांगितला जातो. त्याच्या जोडीला हेही सांगायला हवे : गोऱ्यांसाठी मधल्या चांगल्या खुर्च्या, आशियाई लोकांची जागा निराळी, आणि आदिवासींना तर प्रवेशद्वारही वेगळे. पाणी सर्वांना सारखेच भिजवीत असे. आसने मात्र वर्णाप्रमाणे होती.

८/ आता रोबक उपसागर. येथे भरती-ओहोटीतील फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. मोठ्या ओहोटीला चिखलातून चालत गेले, की विमानांचे गंजलेले सांगाडे दिसतात. ३ मार्च १९४२ च्या सकाळी जपानच्या नऊ झीरो विमानांनी येथे हल्ला केला. उपसागरात उभी असलेली १५ जलविमाने नष्ट झाली. त्यांत जावाहून जीव वाचवून आलेली डच कुटुंबे होती, स्त्रिया आणि मुले होती. किमान ८८ जण मारले गेले. निर्वासितांच्या नोंदी अपुऱ्या असल्याने नेमका आकडा आजही सांगता येत नाही.

९/ आणि गावातले जपानी? हल्ल्याच्या आधीच, डिसेंबर १९४१ पासून, ते नजरकैदेत होते. ज्यांच्या श्रमांवर ब्रूम उभे राहिले, ते युद्ध सुरू होताच एका रात्रीत शत्रू ठरले. दफनभूमीत निजलेले तेवढे जागेवर राहिले.

१०/ आता ही स्थळे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जपानी पाणबुड्यांची नावे दगडावर आहेत. हल्ल्यातील मृतांची काही नावे आहेत, काही हरवली. श्वास रोखून बुडी मारणाऱ्या आदिवासी स्त्रियांचे काय? ब्रूमच्या किनाऱ्यावर त्यांचे एक शिल्प आहे : हाती शिंपला घेऊन पाण्यातून वर येणारी गर्भवती स्त्री. शिल्प आहे, पण त्यांतील बहुतेकींची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत.

११/ या भूमीचे मूळ धनी यावुरू. त्यांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो २००६ साली, म्हणजे गाव वसल्यानंतर १२३ वर्षांनी.

१२/ पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीच्या ओल्या चिखलावर चंद्रप्रकाशाच्या पायऱ्या उमटतात आणि ते पाहायला गर्दी लोटते. अवश्य पाहावे असेच ते दृश्य आहे. मात्र तोच चिखल, तीच ओहोटी सांगाडेही उघडे करते. स्मारक कोणाचे उभे राहिले हे कोणीही पाहू शकतो. कोणाचे राहिले नाही, हे शोधणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम. पुढच्या सहलीत कोणत्याही स्थळासमोर उभे राहून हा एक प्रश्न जरूर विचारा : येथे कोणाचे नाव लिहिलेले नाही?