युए (चिनी लिपिचिन्ह)

युए हे अभिजात चिनी भाषेतील बहुअर्थी व बहुउच्चारी लिपिचिन्ह आहे. अर्थानुसार त्याचे तीन प्रमुख उच्चार होतात : ‘युए’ म्हणजे संगीत, ‘लऽ’ म्हणजे आनंद आणि ‘याओ’ म्हणजे आवड असणे. लेखनात भेद नसल्याने उच्चार कोणता करावयाचा, हे वाचकाला संदर्भावरूनच ठरवावे लागते.

व्युत्पत्ती

शांग राजवटीच्या अस्थिलेखांत लाकडाच्या चिन्हावर रेशमी धाग्यांची दोन चिन्हे अशी याची रचना आढळते. त्यावरून हे तंतुवाद्याचे चित्र असावे, असे मत मांडले गेले आहे. इ.स. १००च्या सुमारास शू शन याने रचलेल्या कोशात मात्र त्यात लाकडी चौकटीवरील नगारे पाहिले आहेत. पारंपरिक रूपात १५ रेघा असून चीनमधील सुलभ रूपात ५ आहेत.

उच्चार

कन्फ्यूशियसच्या ‘लुन्यू’ ग्रंथातील सहाव्या अध्यायात पाणी व पर्वत यांच्या आवडीविषयी एक वचन आहे. त्यात हे चिन्ह परंपरेने आधी ‘याओ’ व शेवटी ‘लऽ’ असे वाचले जाते. आजच्या प्रमाण चिनीत हे उच्चार परस्परांपासून दूर वाटतात. कँटोनीज बोलीत प्राचीन अंत्य ‘क’ टिकून असल्याने ‘ङोक’ (संगीत) व ‘लोक’ (आनंद) यांतील जवळीक ऐकू येते. विशेषनामांत संदर्भही अपुरा पडतो : सेनापती युए यी याच्या आडनावात ‘युए’, सिच्वान प्रांतातील लऽशान शहराच्या नावात ‘लऽ’, तर हपै प्रांतातील एका तालुक्याच्या नावात ‘लाओ’ (लाओथिंग) असा उच्चार होतो.

वैचारिक महत्त्व

मोत्स याने संगीताला प्रजेवरील निरर्थक खर्च ठरवून विरोध केला. त्याला उत्तर देताना इ.स.पू. तिसऱ्या शतकातील शुन्त्स याने संगीत व आनंद यांचे चिन्ह एकच असल्याचा आधार घेतला : आनंद माणसाला टाळता येत नाही आणि संगीत हे त्याला योग्य वळण लावते. लेखी पाठात हे ऐक्य डोळ्यांना दिसते. अनुवादात दोन वेगळे शब्द योजावे लागल्याने ते लोपते.

इतर भाषांत

जपानीत या चिन्हाचे ‘गाकु’ (संगीत) व ‘राकु’ (सुख) असे उच्चार आहेत. बौद्ध ग्रंथांतील ‘सुखावती’ या अमिताभ बुद्धाच्या लोकासाठी चिनीत ‘जी-लऽ’ व जपानीत ‘गोकुराकु’ अर्थात ‘परमसुख’ ही संज्ञा रूढ असून तिच्यातही हेच चिन्ह आहे.